पात्र कसे व्हावे : दिव्यांग अर्जदारांसाठी प्राथमिक धडे

दिव्यांगांसाठीच्या सरकारी योजनांचा लाभ घ्यायचा, तर पहिली अट अशी की अर्जदार धडधाकट असावा. ही अट कुठल्याही शासन निर्णयात छापलेली नाही, पण बाकीच्या सगळ्या अटी तिच्याच जिवावर उभ्या आहेत. सकाळी साडेनऊच्या आत तालुक्याला पोचणं, दोन जिने चढणं, तीन रांगांत उभं राहणं, झेरॉक्स काढून परत येईपर्यंत आपला नंबर धरून ठेवणं आणि ‘पुढच्या सोमवारी या’ हे हसतमुखाने ऐकून घेणं, एवढं ज्याला जमतं त्याने पुढचं वाचावं. ज्याला जमत नाही त्याने घरातला एखादा कमावता माणूस या कामासाठी मोकळा करावा. तसा माणूस घरात नसेल, तर कायद्यात आपल्यासाठी फार चांगल्या तरतुदी आहेत, एवढ्यावर तूर्त समाधान मानावं.

तरतुदी खरोखरच चांगल्या आहेत. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि सातांचे एकवीस झाले. स्वमग्नता, हिमोफिलिया, थॅलसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, अ‍ॅसिड हल्ल्याचे बळी, अध्ययन अक्षमता असे कितीतरी जण यादीत आले. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनावरून चार टक्क्यांवर गेलं, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आल्या. महाराष्ट्राने तर २०२२ च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच काढला. हे सगळं एका बैठकीत वाचलं की आपण फारच नशीबवान आहोत असं वाटायला लागतं. म्हणून नवशिक्यांनी कायदा हळूहळू आणि पुढची-मागची कलमं जुळवून वाचावा.

उदाहरणार्थ, गडचिरोली किंवा नंदुरबारकडचा सिकलसेलचा मुलगा. एकवीसांच्या यादीत त्याचं नाव आहे. टक्के भरले तर प्रमाणपत्र मिळेल, कॉलेजात राखीव जागाही मिळेल. शिकून तो नोकरीच्या जाहिरातीपाशी आला की मग कलम ३४ उघडायचं. नोकरीतल्या चार टक्क्यांचे मानकरी कोण, याची तिथे वेगळी यादी आहे आणि तीत रक्ताचे आजार नाहीत. शिकायला दिव्यांग, नोकरीला नाही. हा छपाईतला दोष असावा असं समजून मुलं हेलपाटे घालतात. दोष नाही, कायदाच तसा आहे.

टक्का

दिव्यांगत्व घरी दिसतं, शाळेत दिसतं, लग्न जमवताना तर सगळ्या गावाला दिसतं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मात्र ते टक्क्यांत मोजल्याशिवाय दिसत नाही. चाळीस टक्के ही वेस. तिच्या आत गेलात तर लक्षणीय दिव्यांगत्व. बाहेर राहिलात तर दिव्यांगत्व आहे, पण त्याची दखल घ्यावी असं नाही. ओळखपत्राला रंगही त्याप्रमाणे : चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते एकोणऐंशी पिवळा, ऐंशीपासून पुढे निळा. पांढरं कार्ड मिळालेल्याने ते जपून ठेवावं. दिसायला छान असतं.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असेल, तर नियमाप्रमाणे टक्के होतात तीस. म्हणजे पांढरं. दुसरा डोळा सांभाळल्याचा हा दंड समजावा.

दोन दिव्यांगत्वं असतील तर आनंद आणखी लांबवावा लागतो. समजा, हाडांच्या डॉक्टरांनी पायाचे ५० टक्के दिले आणि कानाच्या डॉक्टरांनी ३६. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून तुम्ही बेरीज कराल, ८६ येतील, निळ्या कार्डाची स्वप्नं पडतील. तशी बेरीज चालत नाही. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. ९० वजा ५० म्हणजे ४०; चाळीस छत्तीसे १४४०; भागिले ९० म्हणजे १६; एकूण ६६. पिवळं कार्ड. या सूत्रामागे वैद्यकीय तर्क आहे, माणसाचं शरीर एकच असल्यामुळे नुसती बेरीज करत गेलं तर काहींची हानी शंभराच्या वर जाईल. पण हे बाकावरच्या माणसाला कोणी सांगत नाही, आणि तो घरी जाऊन सांगतो की साहेबांनी वीस टक्के खाल्ले.

आता तपासणीचा दिवस. तो ठरावीक वारीच असतो, आणि तुमच्या तपासणीला लागणारे डॉक्टर नेमके त्या वारी रजेवर, शिबिरात किंवा कोर्टात साक्षीला असू शकतात. कपड्यांविषयी ज्येष्ठ अर्जदारांचा सल्ला असा : दाढी करू नये, इस्त्रीचा शर्ट घालू नये, बूट तर नकोच. नीटनेटका माणूस बघितला की समोरच्याला उगाच शंका येते. चालायला सांगितलं तर रोज चालता तसं चाला. आयुष्यभर लोकांसमोर लंगडणं झाकायची सवय झालेली असते, ती त्या दिवशी मोडावी लागते, आणि सवय मोडत नाही. चारचौघांसमोर चालायचं म्हटलं की माणूस ताठ होतो, दात-ओठ खाऊन दहा पावलं सरळ टाकतो. त्या दहा पावलांची किंमत पाच-सात टक्के धरून चालावी.

लहान मूल ऐकत नसेल तर त्याची बेरा तपासणी होते. डोक्याला तारा लावून कानात आवाज सोडायचे आणि मेंदू त्यांची दाद देतो का ते बघायचं. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं हवं. गावाकडून पहाटेच्या एसटीने निघालेलं मूल अख्ख्या प्रवासात आईच्या खांद्यावर घोरत येतं आणि दवाखान्याच्या पायरीवर टक्क जागं होतं. मग झोपेचं औषध पाजायचं. ते ओकतं. पुन्हा पाजायचं. बाहेर आया मुलांना मांडीवर थोपटत बसलेल्या असतात, आणि ज्याला काहीच ऐकू येत नाही त्याच्यासाठी त्यांच्या ओठांवर अंगाई चालू असते. मशीन जिल्ह्याच्या गावी नसेल किंवा बंद असेल तर मुंबईची चिठ्ठी मिळते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेचा पत्ता मराठवाड्यातल्या कितीतरी आयांना पाठ असतो. त्यांना मुंबईतलं दुसरं काही माहीत नसतं.

मानसिक आजाराची मोजपट्टी वेगळी. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना शून्य ते चार असे गुण, वर आजाराला किती वर्षं झाली त्याचे वेगळे. उत्तरं बहुधा आईच देते. या आईने गेली दहा वर्षं शेजारपाजाऱ्यांना, पाहुण्यांना, मुलीच्या सासरच्यांना एकच सांगितलेलं असतं, ‘आता पुष्कळ बरं आहे हो त्याचं.’ आज तिला उलट सांगायचंय. तो आंघोळ करत नाही, कुणाशी बोलत नाही, दोनदा अंगावर धावून आला, हे सगळं त्याच्यासमोर, त्याच्याकडे न बघता सांगायचंय. बहुतेक आया इथे नापास होतात. तोंडातून सवयीने ‘बरं आहे’ निघून जातं आणि टक्के पस्तीस येतात. या पाठावर मला तरी काही युक्ती सुचलेली नाही.

टक्के कमी भरलेल्यांनी एक निकाल मात्र लक्षात ठेवावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या एका स्पर्धा परीक्षार्थीच्या बाजूने सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. परीक्षा केंद्रावर हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून निकालाची प्रत सोबत न्यावी. ती वाचायला लेखनिक मिळणार नाही.

नोंदणी

प्रमाणपत्राचा आधी हस्तलिखित कागद होता. मग राज्याची संगणक प्रणाली आली, तेव्हा तो कागद जुना झाला. मग केंद्राचं युडीआयडी कार्ड आलं, तेव्हा संगणकाचाही जुना झाला. जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त केंद्राच्या संकेतस्थळावरूनच मिळतं. ज्याचा पाय १९९४ साली गेला त्याच्याकडे तीन पिढ्यांची प्रमाणपत्रं असतात, आणि तिन्हींवर पाय तोच नसतो. दिव्यांगत्व बदलण्याची शक्यता नसेल तर प्रमाणपत्र कायमचं द्यावं, असा नियम आहे. तरीही ‘ताजा दाखला आणा’ असं सांगणारं टेबल भेटतंच. वाद घालू नये. पाय परत उगवला नाही ना, याची शासनाला काळजी असते.

अर्ज ऑनलाइन आहे, त्यामुळे कुठे जावं लागत नाही. फक्त सेतू केंद्रात जावं लागतं, कारण घरी संगणक नाही. फोटो ठरलेल्या केबीत बसला पाहिजे, सही वेगळ्या केबीत. सही येत नसेल तर अंगठ्याचा फोटो. अंगठा नसेल तर सेतूतल्या मुलाच्या कल्पकतेवर सोडावं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो मोबाइल पुतण्याकडे, पुतण्या चाकणला कंपनीत. शेवटी वाकडीतिकडी अक्षरं दाखवून ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा’ म्हणतात. अंध माणसाने हे कसं सिद्ध करायचं, याचा खुलासा तिथे नाही. जमलं नाही तर त्याला यंत्र समजतात.

आणि जिना. सरकारी इमारतीत दिव्यांगांच्या कामाचं टेबल तळमजल्यावरच असेल अशी अपेक्षा ठेवणं हे नवशिकेपणाचं लक्षण आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईत व्हीलचेअर वापरणाऱ्या एका वधूला विवाह नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली यायला तयार नव्हते, असं तिने जाहीरपणे सांगितलं, आणि बातमी देशभर गेली. ही मुंबईची गोष्ट. तालुक्याला उचलून नेण्याची बातमी होत नाही, कारण तिथे ती रीत आहे. रॅम्प असतो. कधीकधी त्यावर साहेबांची मोटरसायकल लावलेली असते.

गरिबी

प्रमाणपत्र हाती आलं की पैसे सुरू होतात, असा एक गोड गैरसमज आहे. प्रमाणपत्रावर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, ती उत्तमच. तिच्या जोरावर पुढचे हेलपाटे स्वस्तात होतात. आयकरात ७५ हजारांची वजावट आहे, ऐंशी टक्क्यांच्या पुढे सव्वा लाखाची, तीही जुन्या करप्रणालीत. पण दरमहा हाती काही पडायचं तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. आणि तिथे दिव्यांग असून भागत नाही, गरीब असावं लागतं, तेही मापात.

महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत. पन्नास हजार भागिले बारा म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये, अख्ख्या घराचे. रोजगार हमीची राज्यातली मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरली. घरातला एकच माणूस या दराने वर्षातले १६१ दिवस कामाला गेला तर ५०,२३२ रुपये होतात आणि घर श्रीमंतांत जमा होतं. तेव्हा अर्जदाराने घरच्यांना समजावून सांगावं की १६० व्या दिवशी थांबा. लाडकी बहीण योजनेसाठी हीच मर्यादा अडीच लाखांची आहे. तिथे बहिणीचं कुटुंब गरीब असण्यासाठी अडीच लाखांपर्यंत कमवू शकतं, आणि त्याच बहिणीचा पाय अधू निघाला तर गरीब होण्यासाठी तिला आणखी दोन लाख खाली उतरावं लागतं. दोन्ही हिशेब एकाच मंत्रालयात झालेत. एकाच मजल्यावर झालेत का, ते कळायला मार्ग नाही.

पन्नास हजारांचा दाखला मिळवणं ही वेगळीच कला. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, काम तेच) जायचं, तो पंचनाम्यागत विचारतो : शेती किती, म्हैस आहे का, पोरगा काय करतो. पोरगा पुण्यात डिलिव्हरीला आहे म्हणालात की संपलं. खरं उत्पन्न सांगणारे अपात्र ठरतात, आणि खोटं सांगायची सवय नसलेले सांगताना चाचरतात. राज्यातल्या अनेक घरांत माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतो ते या दाखल्यापायी. ही मर्यादा ज्यांनी ठरवली त्यांना या खोटेपणात आपला वाटा आहे असं वाटायला हवं. वाटत असल्याची कुठे नोंद नाही.

रकमेबद्दल. २०२३ मध्ये अनुदान हजाराचं दीड हजार झालं, तेही सगळ्या निराधारांना सारखंच. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की इतरांना जे मिळतं त्यापेक्षा दिव्यांगांना किमान पंचवीस टक्के जास्त मिळालं पाहिजे. कारण औषधं, सोबतीला माणूस, रिक्षा हे खर्च त्यांनाच असतात. महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी दर अडीच हजार करण्याचा निर्णय झाला सप्टेंबर २०२५ मध्ये. कायदा लागू होऊन तोवर आठ वर्षं उलटली होती. या वाढीबद्दल आभाराचे फलक लागले असतील तर त्यावर कलम २४ चा उल्लेख आहे का ते जाता जाता बघावं. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचा वाटा तर २०१२ पासून महिना तीनशे रुपयांवर आहे आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेखालचं कार्ड व ऐंशी टक्के दिव्यांगत्व लागतं. तीनशे रुपयांत हल्ली काय येतं, ते या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर आहे.

मंजुरी आणि त्यानंतर

अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत जातो, तिथून समितीपुढे. समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो, म्हणजे पालकमंत्र्यांच्या विश्वासातला. सरकार बदललं की समिती बदलते. त्यामुळे आपल्या वॉर्डातल्या कार्यकर्त्याचं लग्न, बारसं, वाढदिवस चुकवू नये. अर्ज मंजूर झाल्याचं अर्जदाराला कळण्याआधी त्याला कळतं, आणि ‘तुमचं काम केलं बरं का’ हे तो सांगायला येतो. काम तहसीलदारांनी केलेलं असतं. चहा याला द्यावा.

पैसे आता थेट खात्यात येतात. कोणत्या खात्यात, हा पुढचा पाठ. आधार ज्या खात्याला सगळ्यात शेवटी जोडलं गेलं, त्या खात्यात. अर्जावर तुम्ही जिल्हा बँकेचा नंबर लिहिला, पासबुकाची झेरॉक्स जोडली. पण मधेच कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदाराने ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून फोनवरच एक खातं उघडून दिलेलं असतं. पैसे महिनोन्‌महिने तिथे जात असतात. तहसील म्हणते जमा केलेत, जिल्हा बँक म्हणते आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत असतात. अनुदान आलं नाही तर आधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बघावं. या पुस्तिकेतला हा एकच सल्ला असा आहे की ज्याने ताबडतोब पैसे सापडतात.

मतिमंद मुलाच्या आईने अठरावा वाढदिवस साजरा करू नये. त्या दिवसापर्यंत ती आई असल्यामुळे पालक असते. दुसऱ्या दिवसापासून मुलगा सज्ञान, त्याची सही हवी, आणि सही येत नाही म्हणून तर सगळं चाललेलं असतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्वाचा कागद देते. ज्या बाईने अठरा वर्षं त्याला भरवलं, धुतलं, फिट आली की तोंडात चमचा धरू नये हे शिकून घेतलं, तिने आता समितीपुढे जाऊन आपण त्याची काळजी घ्यायला योग्य आहोत हे पटवून द्यायचं. कागद लवकर काढा, सतराव्या वर्षीच चौकशी सुरू करा. बँकेला ममता चालत नाही, शिक्का लागतो.

मग दरवर्षी हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे शासनाला दरवर्षी कळवावं लागतं. मेल्याचं मात्र शासनाला आपोआप कळतं, कधीकधी मरायच्या आधीच. यादीत ‘मयत’ शेरा पडला तर स्वतः हजर राहून तोंडी खुलासा करून उपयोग नाही, जिवंत असल्याचा पुरावा कागदी हवा. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रापुढे कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांची अडचण होते, त्यांची बोटं रोगाने आधीच नेलेली असतात. मग चेहरा दाखवायची सोय झाली. मोबाइलसमोर बसायचं आणि डोळे मिचकवायचे. अ‍ॅसिड हल्ल्यात पापण्या जळालेल्या एका महिलेला बँकेने हेच सांगितलं, मिचकवा म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे आम्हाला समजेल. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयाने डिजिटल सेवा दिव्यांगांना वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवून ग्राहकाची ओळख पटवण्याच्या पद्धतीत (केवायसी) बदल करायला सांगितलं. निकाल चांगला आहे. तो तुमच्या सेतूतल्या मुलापर्यंत पोचेपर्यंत त्याचं लग्न होऊन त्याला मुलं झालेली असतील.

मध्येच एखादा बनावट प्रमाणपत्रवाला सापडतो. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांबद्दल प्रश्न उभे राहिले आणि राज्यभर फेरतपासणीची लाट आली. खोट्याने लाभ घेणाऱ्याला कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, आणि तो व्हायलाच हवा. पण फेरतपासणीच्या रांगेत उभं कोण राहतं ते बघा. ज्याची ओळख आहे त्याला रांग लागत नाही.

नामंजुरी

हा पाठ कुठल्याच शिबिरात शिकवत नाहीत, म्हणून इथे थट्टा थोडी बाजूला ठेवतो.

‘तुमचं बसत नाही’ हे तोंडी वाक्य म्हणजे नामंजुरी नव्हे. प्रमाणपत्र नाकारायचं असेल तर वैद्यकीय प्राधिकरणाने कारणं लेखी कळवली पाहिजेत, असं केंद्राचे नियम सांगतात. कारणं लेखी मिळाली की कलम ५९ खाली अपील करता येतं. टक्के कमी दिले म्हणूनही करता येतं. कागदाशिवाय अपील उभं राहत नाही, म्हणूनच कागद मिळत नाही. तो मागा. मागताना आवाज चढवायची गरज नाही, तसा अर्ज लिहून द्या.

उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ लागू आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, मुदत टळली की वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, आणि कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दंड कितींना झाला ते सोडा. अपिलाचा अर्ज टेबलावर ठेवला की साहेब मीटिंगमधून लवकर येतात, हा अनेकांचा अनुभव आहे.

तेवढ्यानेही हाललं नाही तर माहिती अधिकार. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली’ एवढंच विचारायचं, भाषण लिहायचं नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही. उत्तराला तीस दिवसांची मुदत. अर्ज मराठीत चालतो, साध्या कागदावर चालतो, दुसऱ्याने लिहून दिलेला चालतो.

आणि कुठलाही कागद कुठल्याही टेबलावर देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून उठू नका. ‘पोच नंतर न्या, आम्ही काय पळून चाललोय का’ असं म्हणतील. ते पळून जात नाहीत, त्यांची बदली होते.